फ्रीजर भरण्याआधी हे वाचा: मोदक, वड्या, अप्पे आधी करून ठेवताना



सध्या मुरबाड-शहापुरात आवणीची घाई आहे. तुमचे पाय चिखलात आणि मी तुमच्यासमोर खाण्याच्या गोष्टी घेऊन आले आहे. पण हे आत्ताच बोलायला हवं, कारण गणेश चतुर्थी जवळ येते आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून मोदकांचे फोन श्रावणातच सुरू होतात. आणि या वर्षी बऱ्याच गटांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: "मॅडम, आधी करून फ्रीजरमध्ये ठेवलं तर चालेल का?"

उत्तर देण्याआधी माझी एक चूक सांगते.

मागच्या वर्षीच्या चतुर्थीची ही गोष्ट. आपल्या एका गटाकडे डोंबिवलीच्या तीन सोसायट्यांची मिळून ३०० उकडीच्या मोदकांची ऑर्डर होती. त्याच्या आदल्या वर्षी ह्याच बायकांनी रात्रभर जागून १५० मोदक केले होते, आणि पहाटे गाडीत बसताना एका मावशींना चक्कर आली होती. म्हणून मीच सुचवलं. गटातल्या एका ताईंकडे जुना डीप फ्रीजर पडून होता. मी म्हटलं, "फ्रीजर आहे ना, चार दिवस आधी करून ठेवू. काय होतंय!"

मोदक झाले सुंदर. ते गरम असतानाच मोठ्या स्टीलच्या डब्यांत थरावर थर लावले, घट्ट झाकणं लावली आणि डबे फ्रीजरमध्ये ठेवले. दुसऱ्या रात्री पावसात वीज गेली, पहाटे कधीतरी आली. किती तास गेली होती ते कुणालाच माहीत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी डबे उघडले तर कडेचे मोदक दगडासारखे, मधले एकमेकांना चिकटून लगदा झालेले, आणि तळाच्या सारणाला आंबूस वास. तीनशेच्या तीनशे टाकून द्यावे लागले. सामानाचे जवळजवळ तीन हजार रुपये गेले आणि आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागले. पुढच्या बैठकीत दोन ताई माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. कॉलेजात मी समाजकार्य शिकले, पण फ्रीजर नेमकं काय करतो हे शिकले नव्हते, आणि तरी सल्ला दिला होता.

त्यानंतर मी वाचलं, जाणत्यांना विचारलं, आणि त्याच गटासोबत थोडं थोडं करून पाहिलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. एका वाक्यात सांगायचं तर असं: फ्रीजर अन्न जसं आहे तसं सांभाळतो, बिघडलेलं सुधारत नाही. जे काही चांगलं-वाईट होतं ते फ्रीजरमध्ये जाण्याआधीच्या दोन तासांत आणि बाहेर काढल्यानंतरच्या दोन तासांत होतं.

फ्रीजरमध्ये नेमकं काय होतं?

अन्न आंबतं किंवा नासतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे. साधारण ५ अंश ते ६० अंश सेल्सियस ह्या तापमानात ते झपाट्याने वाढतात. आपलं स्वयंपाकघर, बंद डबा, पावसाळ्यातली दमट हवा, सगळं ह्याच टप्प्यात येतं. उणे १८ अंशाला त्यांची वाढ थांबते. पण लक्षात घ्या, ते मरत नाहीत, नुसते झोपतात. अन्न वितळलं की पुन्हा जागे होतात. म्हणून "फ्रीजरमध्ये ठेवलंय म्हणजे सगळं मेलं" हा समज मनातून काढून टाका.

दुसरी गोष्ट भात आणि तांदळाच्या पिठाची. तांदळात असे काही जंतू असतात की त्यांची बीजं शिजवल्यावरही टिकतात. शिजलेलं गरम अन्न झाकून तासन्‌तास ठेवलं की ती बीजं फुटतात आणि जे विष तयार होतं ते परत गरम केल्यानेही जात नाही. आमच्या मोदकांचं बहुतेक हेच झालं. मोठ्या डब्याच्या मधोमध असलेले मोदक रात्रभर कोमटच राहिले असणार. बाहेर फ्रीजर गार, आत डबा ऊबदार.

तिसरी गोष्ट बर्फाच्या खड्यांची. अन्नातल्या पाण्याचा बर्फ होतो. हळूहळू गोठलं तर खडे मोठे होतात, पदार्थाला आतून फाडतात, आणि वितळल्यावर पाणी सुटून लगदा होतो. पटकन गोठलं तर खडे बारीक राहतात. ही गोष्ट अमेरिकेतल्या क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या माणसाच्या लक्षात आली ती शंभरेक वर्षांपूर्वी, कॅनडाच्या लॅब्राडोर भागात राहत असताना. तिथले इन्युइट लोक मासे पकडून बाहेर टाकायचे, कडाक्याच्या थंडीत ते बघता बघता गोठायचे, आणि महिन्यांनी खाल्ले तरी ताजे लागायचे. गोठवलेल्या अन्नाचा आजचा धंदा ह्या निरीक्षणावर उभा राहिला. बाजारात हिरव्या वाटाण्याचं पाकीट मिळतं, त्यात दाणा न्‌ दाणा सुटा असतो तो ह्याचमुळे. आपल्याकडे ती मशीन नाही, पण पसरट ताट आहे. त्याने निम्मं काम होतं.

फ्रीजरची पंचसूत्री

आपल्या गटाची पंचसूत्री तुम्हाला झोपेतही म्हणता येते: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. एक जरी चुकलं तरी गट डळमळतो. फ्रीजरचीही पाच सूत्रं धरा.

१. आधी गार करा. पदार्थ शिजल्यावर परातीत किंवा जाळीवर सुटा सुटा पसरा, पंख्याखाली ठेवा, वरून स्वच्छ जाळीदार कापड. दोन तासांच्या आत तो हाताला पूर्ण गार लागला पाहिजे, मगच फ्रीजरमध्ये. जाडसर पदार्थ असेल, उदाहरणार्थ सारण किंवा आमरस, तर पातेलं थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून ढवळा. आमच्यासारखं गरम असताना झाकण लावू नका, आणि "सकाळी ठेवू" म्हणून रात्रभर बाहेरही ठेवू नका.

२. पसरून गोठवा. ताटाला बटरपेपर लावा, पदार्थ एकमेकांना न टेकता एका थरात मांडा, आणि ताट तसंच फ्रीजरमध्ये ठेवा. चार-पाच तासांत खडखडीत होतात. एका वेळी फ्रीजर कोंबून भरू नका. जास्त गरम-कोमट माल एकदम आत गेला तर आधीचा मालही वितळायला लागतो.

३. हवा काढून बांधा. खडखडीत झाल्यावर फूडग्रेड पिशवीत भरा, हाताने दाबून हवा काढा, घट्ट बंद करा. हवा राहिली की पदार्थ कोरडा पडतो, पांढरे डाग येतात. किराण्याची पातळ पिशवी चालणार नाही. एका पिशवीत एका वेळेला लागेल तेवढंच भरा, म्हणजे ११ किंवा २१ मोदक. सगळं एका गाठोड्यात भरलंत तर दर वेळी गाठोडं उघडावं लागेल.

४. नाव-तारीख लिहा. हे आपलं लेखे. काय आहे, कधी केलं, कुणी केलं. पिशवीवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहा आणि तेच वहीत लिहा. जुना माल आधी बाहेर. "आठवतंय मला" असं म्हणणाऱ्या ताईच नंतर विचारतात, हे कधीचं गं?

५. थंडी तुटू देऊ नका. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. बाहेर काढलं की थेट तवा, थेट मोदकपात्र. ओट्यावर दोन तास ठेवून "नरम होऊ दे" हे धोक्याचं.

घरच्या फ्रीजबद्दल एक शब्द. एका दाराच्या साध्या फ्रीजचा वरचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा उणे १८ पर्यंत जात नाही, आणि दार उघडझाप झाली की अजून चढतो. घरच्या खाण्यासाठी आठ-दहा दिवस तो चांगला. विक्रीचा माल मात्र डीप फ्रीजरमध्येच, आणि आत छोटं थर्मामीटर ठेवून. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे, पण तिने तीन हजार वाचतात.

काय करून ठेवायचं

आम्ही करून पाहिलेले चार प्रकार सांगते. मुदत मी मुद्दाम कमी लिहिली आहे. त्यानंतर पदार्थ लगेच नासतो असं नाही, पण चव उतरते.

मोदकाचं सारण. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी इथून सुरुवात करा. दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी चिरलेला गूळ, वेलची, थोडी खसखस. ओलसरपणा जाऊन गोळा होईपर्यंत परता. पाणचट सारणात बर्फाचे खडे होतात. गार करून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करा. महिनाभर छान राहतं. खोबरं खवणं, गूळ चिरणं आणि परतणं ह्यात निम्मी रात्र जाते. तेवढंच आधी झालं तरी चतुर्थीच्या रात्री तुम्हाला चार तास झोप मिळेल. खोबरं मात्र त्याच दिवशी फोडलेलं हवं. खवट खोबरं फ्रीजरमध्ये खवटच राहतं.

अख्खे उकडीचे मोदक. एक वाटी तांदळाच्या पिठीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पिठी नवीन-जुनी असेल तसं पाणी थोडं कमी-जास्त. उकड नेहमीपेक्षा जास्त मळा आणि पारी अगदी कागदासारखी करू नका, गोठताना तडे जातात. १० ते १२ मिनिटं पूर्ण वाफवा, गार करा, ताटावर सुटे गोठवा, मग बांधा. दोन आठवड्यांत संपवा. आता सगळ्यात महत्त्वाचं: हे मोदक खालच्या साध्या फ्रीजमध्ये वितळवायला ठेवू नका. तांदळाची उकड गोठण्याच्या जरा वरच्या थंडीत सगळ्यात लवकर कडक होते. रात्रीचा भात फ्रीजमध्ये टणक होतो ना, तसंच. फ्रीजरमधून काढून थेट उकळत्या पाण्यावरच्या चाळणीत, पुन्हा १० ते १२ मिनिटं. एक मोदक फोडून बघा, मधलं सारण चटका देईल इतकं गरम असलं पाहिजे.

कोथिंबीर वडी आणि अळूवडी. ह्या दोघी फ्रीजरसाठीच जन्मल्या आहेत. नेहमीसारखे उंडे वाफवा, पूर्ण गार होऊ द्या, मग कापा. गरम असताना कापलं तर चुरा होतो. काप ताटावर गोठवून पिशवीत भरा, महिनाभर राहतात. खाताना तव्यावर दोन चमचे तेलात मंद आचेवर झाकण ठेवून परता. तळायची गरजच नाही. कोथिंबीर वडीत बेसनासोबत चौथा हिस्सा ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ घातलं तर चांगली खुसखुशीत होते.

नाचणी-मुगाचे अप्पे. हे मुलांच्या डब्यासाठी. एक वाटी मूगडाळ चार तास भिजवून वाटा, त्यात एक वाटी नाचणीचं पीठ, किसलेलं गाजर, बारीक चिरलेला शेवगाच्या पाल्याचा मूठभर पाला, आलं-मिरची, मीठ. अप्पेपात्रात थेंबभर तेलावर करा. गार करून गोठवा, तीन आठवडे राहतात. सकाळी झाकण ठेवून तव्यावर पाच-सात मिनिटं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या तुलनेत अगदी नगण्य. आपल्या डोंगरउतारावर पिकणारी नाचणी आपणच विकून टाकतो आणि पोरांना दहा रुपयांचं कुरकुरीत पाकीट देतो, ह्याचा विचार आवणीतून मोकळ्या झाल्यावर नक्की करा.

गोडात घरच्यासाठी नाचणीची कुल्फी. एक लिटर दूध पाऊण होईपर्यंत आटवा, दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ गार दुधात कालवून त्यात घाला, सात-आठ मिनिटं शिजवा. खाली उतरवून गार झाल्यावर मगच गूळ किंवा खजुराची चटणी घाला. गरम दुधात गूळ टाकलात तर दूध फाटेल. उन्हाळ्यातला आमरस किंवा बदलापूरकडच्या जांभळाचा गर गोठवून ठेवला असेल तर तोही ह्यात घालता येतो. पण ही कुल्फी विकू नका असं मी स्पष्ट सांगते. मोदक, वडी, अप्पे खाण्याआधी पुन्हा गरम होतात, कुल्फी तशीच तोंडात जाते. दुधाचा पदार्थ, त्यात पुन्हा शिजवणं नाही, म्हणजे चुकीला जागाच नाही.

काय गोठवू नये तेही ऐका. उकडलेला बटाटा सुटा गोठवला तर पाणी सुटून भगराळ होतो. दही आणि ताक फुटतं. काकडी, टोमॅटोची कोशिंबीर लिबलिबीत होते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. आणि नाचणीचे लाडू, भाजणी, चिवडा ह्यांना फ्रीजर लागतच नाही. कोरड्या डब्यात ते मजेत राहतात. त्यांनी जागा अडवू देऊ नका.

वीज गेली तर?

आपल्या भागात हा "तर" नाही, "तेव्हा" आहे. म्हणून तयारी आधीच करा.

दार उघडलं नाही तर गच्च भरलेला फ्रीजर साधारण दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस थंडी धरतो असं मानतात. आपला उकाडा, जुनं रबर आणि दाराची ओढाताण धरली तर मी त्याच्या निम्मंच धरते. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून गोठवून ठेवा. भरताना बाटली वर चार बोटं रिकामी ठेवा, बर्फ फुगतो. ह्या बाटल्या वीज गेल्यावर थंडी धरून ठेवतात. वीज गेली की दाराला कागद चिकटवा: "उघडू नका". आणि वेळ लिहा.

रात्री तुम्ही झोपलात आणि वीज गेली-आली, तर कसं कळणार? त्यासाठी सोपी युक्ती आहे. एका वाटीत पाणी गोठवा. बर्फ झाला की वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. रोज बघा. नाणं वर असेल तर काळजी नाही. नाणं बर्फात मध्येच अडकलं असेल तर फ्रीजर अर्धवट वितळला होता. तळाला गेलं असेल तर सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, मग माल वरून कितीही कडक दिसला तरी टाकायचा. मागच्या वर्षी आमच्याकडे हे एक रुपयाचं नाणं असतं, तर एक दिवस आधी कळलं असतं आणि गिऱ्हाइकांना वेळेत कळवता आलं असतं.

पदार्थात बर्फाचे खडे अजून शिल्लक असतील तर त्याच दिवशी नीट वाफवून घरी खा. विकू नका. नरम पडून दोन तासांच्या वर झाले असतील तर टाका. वासावर जाऊ नका, सगळ्या बिघाडाला वास येत नाही. टाकताना जीव तुटतो, मला माहीत आहे. पण एखाद्या सोसायटीतल्या आजोबांना आपल्या प्रसादाने त्रास झाला तर त्या घरातून पुन्हा फोन येणार नाही, आणि शेजारच्या गटालाही येणार नाही.

मुरबाडहून डोंबिवलीपर्यंत

माल पोचवताना थर्माकोलची पेटी घ्या, तळाला आणि वर गोठलेल्या बाटल्या, मध्ये पिशव्या, कडेच्या फटीत वर्तमानपत्र. पेटी जितकी गच्च तितकी गार. मुरबाडकरांनी कल्याणची पहिली गाडी, शहापूरकरांनी आसनगावची पहाटेची लोकल धरावी. ऊन चढण्याआधी माल गिऱ्हाइकाच्या फ्रीजरमध्ये गेला पाहिजे. निघण्याआधी फोन करून विचारा: "काकू, फ्रीजरमध्ये जागा केलीय ना?" आणि पिशवीवर ठळक लिहा: "वितळवू नका. थेट १२ मिनिटं वाफवा. उरलेले पुन्हा गोठवू नका." डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, लोकांना तयार खाण्याची सवय आहे. पण गोठलेला मोदक कसा गरम करायचा हे त्यांना तुम्हीच शिकवायचं आहे.

हिशोब आणि कागद

"मॅडम, मग गटाने डीप फ्रीजर घ्यायचा का?" ह्याचं उत्तर वहीत आहे. समजा फ्रीजर २०,००० रुपयांचा आणि पाच वर्षं चालला, म्हणजे वर्षाला ४,०००. रोज दोन युनिट वीज, युनिट ८ रुपये धरलं तर वर्षाला ५,८४०. एकूण ९,८४० रुपये, महिन्याला ८२०. एका मोदकामागे सामान, गॅस, मजुरी, गाडीभाडं काढून ८ रुपये उरत असतील, तर नुसता फ्रीजर फेडायला १,२३० मोदक लागतील. फक्त गणपतीच्या दिवसांवर हे जमणं अवघड. वर्षभर वड्या, अप्पे, सारण चालू राहणार असेल तरच घ्या. नाहीतर दोन-तीन गटांनी मिळून ग्रामसंघात ठराव करून एक घ्यावा. आकडे माझे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या बिलाचे आकडे घालून बघा. आणि मजुरी धरायला विसरू नका. आपण नेहमी स्वतःचीच मजुरी शून्य लिहितो.

विक्री करायची तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवीच. लहान उद्योगाला साधी नोंदणी पुरते, अर्ज ऑनलाइन. जो १४ आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर छापायचा. सोबत पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे, वजन, किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, कसं ठेवावं, गटाचा पत्ता आणि शाकाहारी असल्याची हिरवी खूण. शेंगदाणे, दूध, गहू असेल तर ठळक लिहा, काहींना ते सोसत नाही.

आणि एक विनंती. गुळाच्या मोदकावर "शुगर फ्री" लिहू नका. गूळ ही साखरच आहे. मधुमेह असलेल्या माणसाने विश्वासाने तीन मोदक खाल्ले तर ते आपल्या माथी. "गुळाचे मोदक" एवढंच लिहा, ते खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

भांडवलासाठी केंद्र सरकारची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना २०२० मध्ये सुरू झाली, तिला आपण पीएमएफएमई म्हणतो. त्यात अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचतगटाच्या सभासदाला खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद होती. तुमच्या सीआरपी ताईंकडे किंवा तालुका कक्षात चौकशी करा.

आधी दहा मोदकांची परीक्षा

मोठी ऑर्डर घेण्याआधी एवढं करा. पुढच्या बैठकीच्या आधी फक्त १० मोदक करून पाच सूत्रं पाळून गोठवा, नाण्याची वाटी शेजारी ठेवा. पंधरा दिवसांनी बैठकीत ते वाफवा आणि शेजारी १० ताजे ठेवा. कुठले कुठले ते न सांगता सगळ्यांना चाखायला द्या. ओळखू आले नाहीत तर ऑर्डर घ्या. ओळखू आले तर काय चुकलं ते वहीत लिहा आणि पुन्हा करा. दहा मोदकांची चूक परवडते, तीनशेची नाही.

मागच्या वर्षीच्या त्या गटाने ही परीक्षा दोनदा केली. पहिल्यांदा पारीला तडे गेले, दुसऱ्यांदा ठीक झालं. यंदा त्यांनी ऑर्डर घेतली आहे, पण १२० ची, ३०० ची नाही. माझ्याशी न बोललेल्या दोघींपैकी एक ताई आता नाण्याच्या वाटीची राखण करतात. परवा मी गेले तर म्हणाल्या, "मॅडम, आधी नाणं बघा, मग चहा घ्या."

मी नाणं बघितलं. वर होतं.

तुमच्या गटाच्या परीक्षेचं काय झालं ते मासिक बैठकीत नक्की सांगा. बिघडलं असेल तर तेही सांगा. ते जास्त उपयोगाचं असतं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक